बिनरेघांचे अंगठे

तालुक्याच्या कचेरीतून आमचा अर्ज परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर तांबड्या शाईनं दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली अशी, की या नावांची माणसं त्या गावच्या मतदार यादीत नाहीत. दुसरी अशी, की खालचे सगळे अंगठे एकाच माणसाचे दिसतात. अर्ज मी लिहिला होता. नावं मी घातली होती. अंगठेही मीच घरोघर फिरून घेतले होते.

मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीत बसलो होतो, पण मास्तरानं एक दिवस दुसऱ्याच्या चुकीसाठी माझा कान धरला, तसा पाटी घेऊन उठलो तो परत गेलो नाही. बापानं मारलं, आईनं समजावलं, तरी गेलो नाही. पण आमच्या वस्तीत तेव्हा तिसरी म्हणजे फार होती. म्हणून सभेचा मंत्री, म्हणजे चिटणीस, मी झालो. त्या वेळी माझं वय पंचविसाच्या आत होतं आणि लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

सभा म्हणजे कॅथलिक लोकांची सभा. मोठी सभा नागपूरला होती, तिथं वकील आणि प्रोफेसर बसत. आमची तिची शाखा. मारेगावकडच्या एका मोठ्या गावाला लागून आमची अठ्ठावीस घरांची वस्ती होती. आजोबांच्या काळापासून सगळे कॅथलिक, आणि सगळ्यांचा धंदा एकच, दोर वळायचा. अंबाडी भिजवायची, सोलायची, धुऊन वाख काढायचा आणि वळायचा. कासरे, दावी, वेसणी, विहिरीचे सोल. दोर वळणारा मागं मागं चालतो आणि पुढं दोर वाढत जातो. मी बारा वर्षांचा असल्यापासून असाच मागं चाललो आहे, आणि माझा कासरा कधी बैलानं तोडल्याचं कोणी सांगितलेलं नाही.

नागपूरहून सभेची छापील पत्रकं यायची. देवाला न मानणाऱ्यांना मत देऊ नका. घाणेरडे सिनेमे पाहू नका. रविवार पाळा. लग्नसंस्था सांभाळा. पत्रक आलं की आमचे अध्यक्ष ते चर्चच्या दारात उभे राहून माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "आता आपल्या गावात याच्यावर काय कारवाई करता येते?"

अध्यक्षांना सगळा मुलूख सुभेदार म्हणायचा. ते लढाईच्या काळात पलटणीत होते हे खरं. पण सुभेदार नव्हते, लंगरखान्यात स्वयंपाकी होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, डाव्या पायात गोळी की सळई काहीतरी लागलेलं, त्यामुळं काठीशिवाय चालता येत नसे. मूलबाळ नव्हतं. बायको मरून गेली होती. पलटणीतल्या एका पाद्र्यानं त्यांना मिस्सेतले, म्हणजे रविवारच्या उपासनेतले, लॅटिन जबाब शिकवले होते. ते त्यांना तोंडपाठ होते, आणि आमच्या वस्तीत दुसऱ्या कोणालाही येत नव्हते. फादर वेदीवर लॅटिनात बोलत आणि सुभेदार गुडघ्यावर बसून, दुखरा पाय बाजूला पसरून, खणखणीत जबाब देत. अर्थ दोघांपैकी एकालाच कळत असे, पण आवाज सुभेदारांचा मोठा होता.

त्यांना अर्ज लिहिण्याचा नाद होता. ते सांगायचे, मी लिहायचो. इंग्रज साहेब जाऊन पंधरा वर्षं होत आली तरी त्यांचा अर्ज "मेहरबान साहेब बहादूर" असाच सुरू व्हायचा. तंबूतल्या टॉकीजवाल्यानं चर्चच्या कुंपणावर नाचणाऱ्या बाईचा कागद चिकटवला, अर्ज. कुटुंबनियोजनाची जीप भोंगा लावून वस्तीत आली, अर्ज. निवडणुकीत लाल झेंड्याचा उमेदवार वस्तीत आला, तेव्हा सुभेदारांनी त्याला खाटेवर बसवलं, गुळाचा चहा पाजला आणि सांगितलं, "चहा आणखी घ्या. मत मात्र भेटणार नाई." तो बिचारा हसून दुसरा कप प्याला.

आजची मुलं हे ऐकून हसतात. हसू द्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींत माझं मत आजही तेच आहे.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हा मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आठवड्याचा बाजार गुरुवारी न भरवता रविवारी भरवायचा. नवी मोटार सुरू झाली होती, जिनिंगच्या मजुरांना रविवारची सुट्टी, शाळामास्तरांना सुट्टी. ठराव वाईट नव्हता, हे आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

आमची अडचण अशी होती. फादर राहायचे सोळा मैलांवरच्या मिशनात. परदेशातले होते, दाढी छातीपर्यंत, मराठी पुस्तकातली. रविवारी पहाटे तिथली मिस्सा करून सायकलवर निघायचे आणि दहाच्या सुमाराला आमच्याकडं पोचायचे. पावसाळ्यात काळी माती चाकांना इतकी धरायची की सायकल पुढंही जाईना आणि मागंही. मग ते पळसाच्या काडीनं माती काढायचे, आणि तेही जमलं नाही की सायकल खांद्यावर घेऊन चालत यायचे, आणि मिस्सा होईपर्यंत काही खायचं नाही म्हणून उपाशी. आता दहाला मिस्सा आणि दहालाच बाजाराला तोंड फुटायचं. दोर घेऊन बाजारात बसावं की चर्चमध्ये? पहिल्या रविवारी अर्धी वस्ती बाजारात गेली. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये म्हाताऱ्याच उरल्या.

तिसऱ्या रविवारी फादरांनी मिस्सेनंतर सुभेदारांना आणि मला थांबवलं.

"बंधूंनो," ते म्हणाले, "बिशपस्वामींचे पत्र आले आहे. जेथे चाळीस माणसे जमत नाहीत, तेथे पुरोहिताने इतका प्रवास करू नये. दिवाळीपर्यंत मी वाट पाहीन. त्यानंतर येथील लोकांनी मिशनात यावे."

 काठीवर दोन्ही हात ठेवून सुभेदारांनी फादरांच्या सायकलीकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं. सोळा मैल. बैलगाडीत बसलं तरी त्या पायाला दोन मैल सोसत नसत. मी समजलो. आम्ही बाकीचे कसेही जाऊ, महिन्यातून एकदा जाऊ, नाही गेलो तरी चालेल. या माणसाचा रविवार मात्र जाईल, आणि त्याच्याकडं रविवारशिवाय दुसरं काही नव्हतं.

"मंत्री," ते मला म्हणाले, "कागद काढ."

अगोदर ते सरपंचांकडं जाऊन आले. सरपंच मोठे शेतकरी, कापसाची शेती, चार बैलजोड्या, सुभेदारांच्याच वयाचे. दोघांचं बरं होतं.

"सुभेदार, तुमचा देव सोमवारी भेटत नाई का?" सरपंच म्हणाले.

"भेटते. पण सोमवारी तो कामावर असते. सहा दिवस काम, सुट्टी त्याले रविवारचीच."

"मंग त्याले गुरुवारी बलवा."

"तुमी एकादशी बारशीले करता का?"

सरपंच हसले, पण म्हणाले की ठराव तालुक्याहून मंजूर होऊन आला आहे, आता आपल्या हातात नाही. तिकडं अर्ज करा.

म्हणून अर्ज. आणि इथंच मी माझं डोकं चालवलं.

नागपूरच्या एका पत्रकात लिहिलं होतं, की सभेच्या प्रत्येक सभासदानं आपलं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव वापरावं, त्याची लाज बाळगू नये. आमच्यात प्रत्येकाला दोन नावं. एक फादरांच्या वहीतलं, संताचं, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्याबरोबर डोक्यावर पडलेलं. दुसरं घरचं, ज्यानं आई हाक मारायची, जे तलाठ्याच्या कागदावर आणि मतदार यादीत होतं. पहिलं नाव बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मरणाला निघायचं. एरवी ते मिशनातल्या कपाटात. मला वाटलं, कॅथलिक म्हणून अर्ज करतो आहोत तर कॅथलिक नावानंच करायला पाहिजे. देव ज्या नावानं ओळखतो त्याच नावानं सरकारनंही ओळखावं.

सुभेदार म्हणाले, "मंत्री, कचेरीतले लोक घरचंच नाव पायतीन."

मी म्हणालो, "पत्रकात लिहिलं आहे."

"पत्रक सभेच्या वहीसाठी हाय रे."

"मी मंत्री आहे का नाही?"

त्यांनी दौत माझ्याकडं सरकवली. मला राग आला की माझा आवाज चढतो हे त्यांना माहीत होतं. मी मिशनात चालत गेलो, दिवसभर बसून बाप्तिस्म्याच्या वहीतून चौऱ्याण्णव नावं उतरवून घेतली. असली अवघड नावं, की एकेक लिहिताना जीभ बाहेर यायची. माझं अक्षर चांगलं आहे. तो कागद पाहून फादर म्हणाले होते, "सुंदर." मी ते विसरलो नाही.

मग घरोघर अंगठे. एका घरात म्हातारीला तिचं बाप्तिस्म्याचं नाव वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "थे कोण? थे तर मेली असन." माझ्या स्वतःच्या घरात बायको शाईची डबी बाजूला सारून म्हणाली, "अवो, या नावानं तर मले माही माय बी ओळखत नाई."

बायको ढाणकीकडची. तिकडच्या बायका तोंडाच्या तिखट.

"तुले काय कळते?" मी म्हणालो. "अंगठा दे."

"देतो. पण हा आंगठा माहाच हाय, हे ध्यानात ठेवा."

तिच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वार होता, आडवा. शाईत बुडवून टेकला की मधून पांढरी रेघ उमटायची. बाकीच्या कोणाच्याच अंगठ्याची रेघ उमटली नाही. मी तेव्हा त्याचा विचारच केला नाही. वाख वळून वळून आमचे अंगठे नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झालेले असतात. लहानपणापासून दोर वळणाऱ्याच्या अंगठ्याला रेघा राहतच नाहीत. कागदावर फक्त काळे गोल उठले, चौऱ्याण्णव. मला वाटलं, छान आले.

पंधरा दिवसांनी तो कागद तांबड्या ओळी घेऊन परत आला. टपालवाल्यानं माझ्याच हातात दिला. मी तो वाचला आणि वाखाच्या ढिगाऱ्यात खाली दाबून ठेवला.

खोटं बोललो असं नाही. सुभेदार रोज काठी टेकत यायचे, माझ्या मांडवात बसायचे आणि विचारायचे, "जबाब आला का?" मी म्हणायचो, "सरकारी काम हाय." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते उठून गेले की दोर माझ्या हातात ढिला पडायचा. पहिल्या ओळीची लाज होती, दुसरीचा संताप. मी, ज्यानं एका कानासाठी शाळा सोडली, त्यानं म्हणे एकट्यानं चौऱ्याण्णव अंगठे मारले. माझ्या अंगठ्यावर सरकारनं असा संशय घ्यावा. मनात दहा वेळा वाटलं की कचेरीत जावं आणि त्या कारकुनाच्या टेबलावर माझा हात उताणा ठेवावा. पण गेलो असतो तर त्यानं पहिल्या ओळीबद्दल विचारलं असतं.

रविवार येत होते आणि जात होते. एका रविवारी चर्चमध्ये अकरा माणसं होती. सुभेदारांनी त्या दिवशी जबाब आणखी मोठ्यानं दिले, जणू काही उरलेल्यांचे पण तेच देत होते.

पोळ्याला बारा दिवस होते तेव्हा बायकोनं वाख काढायला ढिगाऱ्यात हात घातला आणि कागद बाहेर आला. तिला अक्षर येत नव्हतं. पण तिनं कागद उजेडाकडं धरला आणि खालच्या ओळीत बोट ठेवलं.

"हा माहा आंगठा," ती म्हणाली. "गेलता कचेरीत. हा वापस काहून आला?"

मी दोर वळत राहिलो.

"मी काय इचारून राह्यली?"

मी दोर खाली ठेवला. तिला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मला वाटलं आता ती तोंड सोडेल. ती ओट्यावर बसली, स्वतःचा अंगठा पाहिला, मग माझा हात ओढून माझा अंगठा पाहिला. मग एवढंच म्हणाली, "बुढा रोज येते तुमच्या दारात. त्याले आज सांगा. मी सांगतलं तर तुमचीच इज्जत जास्त जाईन."

मी गेलो. दोनशे पावलं असतील, तेवढं अंतर मला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. सुभेदार खाटेवर बसून काठीला तेल लावत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. मला माफी मागता येत नाही, आजही नाही येत. मी म्हणालो, "कागद तीन आठवडे माझ्याकडं होता. नावं माझ्या हट्टानं घातली."

सुभेदारांनी काठीवरचं तेल पुसलं.

"पलटणीत एक डाव मी दाळीत दोनदा मीठ टाकलं," ते म्हणाले. "दोनशे माणसाची दाळ. सायबानं इचारलं, कोणं टाकलं? मी म्हणलो, मीनंच. सायेब म्हणे, मंग आता काय करतो? म्हणलं, आणखी दाळ शिजोतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तीन आठोडे गप राह्यला, थे चांगलं नाई केलं. बस आता. आणखी दाळ शिजवू."

ते लंगरखान्यात होते हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, ते आयुष्यात एकदाच, आणि मला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या ओट्यावर सभा भरली. त्या वर्षी पोळ्याच्या आधीचा बाजारही रविवारीच येत होता. पोळ्याला प्रत्येक शेतकऱ्याला बैलासाठी नवी वेसण, नवा कासरा, नवं दावं लागतं. जुन्या दोरात बैल पोळ्याला उभा करणं म्हणजे माणसानं फाटक्या धोतरात लग्नाला जाणं. आमची वर्षाची भाकर त्या एका बाजारात असायची. लोक म्हणाले, इतर रविवारचं पाहू, हा रविवार नको. एकानं मला टोमणा मारला, "मंत्रीसाहेब, पुन्हा संतांची नावं लिव्हा, संतच येतीन दोर इकाले." मी उठलो होतो, सुभेदारांनी काठी आडवी धरली.

तेव्हा माझी बायको बोलली. बायका सभेत मागं बसायच्या, बोलत नसत.

"बाजारात नाई गेलो तर काय होते?" ती म्हणाली. "वेसणी काय मोटारीतून येतीन? पंचक्रोशीत दुसरं कोण वळते दोर? आपुन मिस्सेत बसू. ज्याले पायजे तो इथं येईन."

"अन् नाई आला तं?"

"तं बैल उघडे जातीन पोळ्यात. त्याइची इज्जत जाईन, आपली नाई."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. सुभेदार म्हणाले, "मंत्री, लिवून घे. ठराव पास." लिहिताना मी ठरावाखाली सूचक म्हणून बायकोचं नाव घातलं. घरचं.

तो रविवार. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, वर ऊन. अठ्ठावीस घरांचे दोर वस्तीत दोऱ्यांवर टांगलेले, पांढरे, नवे, आणि खाली कोणी नाही. सगळी वस्ती चर्चमध्ये. नऊ वाजेपर्यंत बाजाराकडून कोणी आलं नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. सुभेदार इस्त्रीचा खाकी कोट घालून दारात खुर्चीवर बसलेले.

साडेनऊला पहिला आला तो जवळच्या बंजारा तांड्याचा नाईक, त्याच्या मागं दोन बैलजोड्या आणि बायको. तो बाजारातून रिकाम्या हातानं फिरून आला होता.

"सुभेदार, हे काय करून राह्यले तुमी? बाजारात एक दावं नाई."

"आज रविवार हाय, नाईक. मिस्सा झाल्यावर भेटीन."

"किती वेळ लागते तुमच्या देवाले?"

"तुमच्या लग्नापेक्षा कमी."

नाईक आपल्या बायकोशी गोरबोलीत काहीतरी बोलला, ती तोंडाला पदर लावून हसली, आणि दोघं कडुलिंबाखाली बैल बांधून बसले. मग एक एक करून येऊ लागले. दहा वाजेपर्यंत चर्चच्या आवारात तीस-चाळीस बैल आणि त्यांचे धनी. शेवटी सरपंच, स्वतःची एक जोडी घेऊन. गड्याला न पाठवता स्वतः आले होते.

"माहेच बैल उघडे ठेवता का पोळ्याले?" ते म्हणाले.

"या, बसा," सुभेदार म्हणाले आणि आपली खुर्ची त्यांना दिली. "मले आत गुडघ्यावर बसाचं हाय."

तेवढ्यात फादर आले. सायकल खांद्यावर, झगा गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं भरलेला. फाटकात थांबले. एवढी गर्दी त्यांनी आमच्याकडं कधी पाहिली नव्हती. बैलांकडं पाहिलं, शेतकऱ्यांकडं पाहिलं.

"मंत्री महाशय," ते मला म्हणाले, "हे सर्व काय आहे?"

"गिऱ्हाईक, फादर. मिस्सा संपायची वाट पाहत आहेत. बैलांना हाकलू का?"

त्यांनी सायकल भिंतीला लावली. "नको," ते म्हणाले. "आपला प्रभू गोठ्यात जन्मला. त्याला बैलांची अडचण होणार नाही."

त्या दिवसासारखी मिस्सा मी पुन्हा पाहिली नाही. चर्च भरलेलं, दारं उघडी, बाहेर शेतकरी बसलेले. सुभेदारांचे जबाब बाहेरपर्यंत जात होते. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली, सुभेदारांनी घंटी वाजवली, आणि बाहेर माशा बसून की काय कोण जाणे, त्याच वेळी बैलांनी माना हलवल्या. चाळीस गळ्यांतल्या घंट्या वाजल्या. फादरांचे हात वरच राहिले, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. बाहेरून नाईकाच्या बायकोनं हात जोडलेले मला दिसले.

मिस्सा संपली आणि वस्तीत बाजार भरला. घासाघीस, हसणं, बैलांच्या नाकात वेसण घालून पाहणं. सरपंचांनी माझ्याकडचा कासरा घेतला, दोन्ही हातांनी ताणला, आणि सुभेदारांकडं वळले.

"बाजार गुरुवारीच बरा होता," ते म्हणाले. "पण ठराव मीच केला, मीच मोडला तं कचेरीतले हसतीन. अर्ज पायजे. अन् यादीतल्या नावाचा पायजे. मागच्या अर्जाचं समजलं मले."

मला ऐकू येईल अशाच आवाजात बोलले. मी कागद घेऊन तिथंच जमिनीवर बसलो. आधी शेतकऱ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. त्यांच्या अंगठ्यांना सुंदर रेघा होत्या, शेतातल्या तासांसारख्या. नाईकानं अंगठा दिला, त्याच्या बायकोनंही. मग आमची माणसं आली. सुभेदार माझ्या डोक्यावरून वाकून हळूच म्हणाले, "मंत्री, या डाव घरची नावं लिवजो."

लिहिली. पण अंगठे पुन्हा तसेच, काळे गोल. सरपंचांनी ते पाहिलं. त्यांनी माझा हात धरून उन्हाकडं केला, मग शेजारच्याचा, मग आणखी एकाचा.

"अरे बाप्पा," ते म्हणाले, "तुमच्या रेघा आमच्या बैलाच्या गळ्यात जाऊन राह्यल्या."

मग त्यांनी अर्जाच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, की हे सर्व अंगठे वेगवेगळ्या माणसांचे आहेत, मी समक्ष पाहिले, हे लोक दोर वळतात. खाली सही केली. तो कागद तालुक्याला गेला आणि दिवाळीच्या आत बाजार गुरुवारवर आला. अजून गुरुवारीच भरतो. तो सगळ्यांनी मिळून आणला असं आता म्हणतात, आणि मीही तसंच म्हणतो.

पुढं काही वर्षांनी मिस्सा मराठीत करा असा हुकूम आला. सुभेदारांना तो पटला नाही. "एवढे जबाब पाठ केले थे कायले?" फादर मराठीत बोलायचे, सगळी वस्ती मराठीत उत्तर द्यायची आणि त्या सगळ्यांच्या वर सुभेदारांचं लॅटिन चालू असायचं. फादर थांबून त्यांचं संपू द्यायचे. सुभेदारांनी मला त्याच्यावरही अर्ज लिहायला लावला, थेट रोमला, मेहरबान साहेब बहादूर. मी लिहिला. प्रत्येकाची दोन्ही नावं घातली, कोणाला कोणतं लागेल सांगता येत नाही. त्याचं उत्तर आलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले, एका रविवारी, मिस्सेहून आल्यावर. वस्तीतून निघताना सरपंच खांद्याला होते. तिरडी आमच्याच दोरानं बांधली होती, तो मी वळला होता.

क्रूसावर नाव लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण अक्षर माझं. फादर म्हणाले, बाप्तिस्म्याचं लिहा. वस्तीतले म्हणाले, घरचं लिहा, लोकांना कळलं पाहिजे. मी ब्रश घेऊन बराच वेळ बसलो होतो. बायको मागं उभी होती. ती म्हणाली, "तुमाले जे लिव्हाचं हाय ते लिव्हा. तुमी आइकता थोडीच."

मी लिहिलं, "सुभेदार". एवढंच. फादरांनी पाहिलं आणि क्रूस उभा करायला स्वतः हात लावला.